लाकूड मागं का आलं?

मी एक जुनं गाईड आहे. नाव ऐकून पळून जाऊ नका, मित्रांनो. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही धावतपळत शोधता ते गाईड मी नव्हे. माझ्यात एकही उत्तर छापलेलं नाही. मी लोखंडाचा आहे, अडीच फूट लांब, आणि लाकूड चिरायच्या मशीनवर माझी जागा आहे. उत्तरं नसली तरी प्रश्न मात्र माझ्याकडे पोत्याने आहेत. सागाच्या पोटात इतका चांगला वास कोण भरून ठेवतं? बाभळीला एवढा राग कशाचा असतो? आणि सगळ्यात मोठा, अकरा वर्षं माझ्या डोक्यातून न गेलेला प्रश्न म्हणजे, पुढे जाणारं लाकूड एकाएकी मागं का येतं?

त्या प्रश्नापायी एका माणसाचं आयुष्य बदललं आणि एका बाईचं काम सुटता सुटता राहिलं. म्हणून आज तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो.

आधी आमचं मशीन समजून घ्या. एक लोखंडी टेबल. त्याच्या मधोमध फट, आणि त्या फटीतून अर्धं वर आलेलं गोल, दातेरी पातं. पात्याच्या उजव्या हाताला मी आडवा पडलेला असतो, पात्याला अगदी समांतर. माणूस फळी माझ्या अंगाला टेकवतो आणि पुढे सरकवत नेतो. मी पात्यापासून जितका दूर, तितकी पट्टी रुंद. माझं डोकं इंग्रजी टी अक्षरासारखं आहे. ते टेबलाच्या पुढच्या कडेच्या नळीला टेकतं, मग हँडल आवळलं की मी जागचा हलत नाही. डोकं जिथं नळीला टेकतं त्या जागेला बैठक म्हणतात. ही बैठक लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं येणार आहे.

माझा जन्म सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला बनवणारे काका जाड चष्म्याचे आणि भारी खोडसाळ होते. मला घासून पुसून झाल्यावर त्यांनी माझ्या अंगाला एक सरळ पट्टी लावली आणि पलीकडून बॅटरीचा उजेड पाडला. कुठूनही उजेडाची रेघ आली नाही. तेव्हा ते समोर उभ्या असलेल्या दोघा भावांना म्हणाले, "घ्या. हा आता तुमच्या दोघांपेक्षा सरळ हाय."

हे वाक्य मी फार मनावर घेतलं. आपण सरळ आहोत याचा मला तेव्हापासून जो अभिमान चढला तो चढलाच. त्याचं काय झालं तेही कळेलच.

ते दोघे भाऊ म्हणजे सायखेड्याचे रंगनाथ आणि नाथा. घर शेतकऱ्याचं, पण थोरल्या रंगनाथचा हात लाकडात रमला. त्याने रस्त्याकडेला कारखाना टाकला, दारं-खिडक्यांच्या चौकटी, पलंग, द्राक्षबागेत उभं राहायला लागणारी स्टुलं असं काम धरलं, आणि धाकट्या नाथाला हाताशी घेतलं. सिन्नरहून मला एसटीने आणलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, वर सामानाच्या फळीवर ठेवा. नाथा ऐकेना. धक्क्याने वाकेल म्हणाला. अख्खा रस्ता त्याने मला गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, शेजारच्या बाईने विचारलं सुद्धा, काय, बाळ झोपलंय का?

मशीनवर उभा राहायचा तो नाथाच. मोटर चालू करण्याआधी त्याची एक सवय होती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तो माझ्या पाठीवरून एकदा फिरवायचा. काही चिकटलंय का, भुसा साचलाय का, ते बघायला. मला ते फार आवडायचं. दिवसाला शंभर फळ्या माझ्या अंगाला घासून जात, पण आपुलकीचा हात तेवढा एकच.

आता त्या दिवसाकडे येतो.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते. करवत, रंधा, पटाशी, हातोडी सगळी घासूनपुसून मांडतात. मलाही मशीनवरून उतरवायचे, तेलपाणी करायचे आणि पाटावर निजवायचे. रंगनाथ स्वतः हळदीकुंकू लावायचा, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहायचा, झेंडूचा हार घालायचा. मग मला पुन्हा मशीनवर चढवून हँडल आवळायचा. दसऱ्याला मशीन बंद. तिसऱ्या दिवशी काम सुरू. माझ्यासारख्या वर्षभर भुसा खाणाऱ्याला ती दोन दिवसांची सुट्टी म्हणजे चैन होती.

अकरा वर्षांपूर्वी असंच दसऱ्यानंतरच्या दिवशी नाथाने मशीन लावलं. माझ्या पाठीवरून बोटं फिरवली. पहिलीच फळी घातली, निम्मी चिरली गेली, आणि मग तिचा आवाज बदलला. घोगरा झाला. पुढच्या क्षणी ती फळी पुढे जायची सोडून उसळून मागं आली आणि नाथाचा हात पात्याकडे ओढला गेला.

जे झालं ते मी थोडक्यात सांगतो. माझ्या पाठीवरून फिरणारी ती दोन बोटं गेली.

दवाखान्यातून हात बांधून आला तेव्हा नाथा दाराशीच उभा राहिला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "दादा, लाकूड दाबल्यासारखं झालं बघ. मागून कुणी धरल्यावानी."

रंगनाथ घाबरलेला होता, मित्रांनो. घाबरलेला माणूस पुष्कळदा रागावल्यासारखाच बोलतो. तो म्हणाला, "कोण धरणार व्हतं तिथं? तुझं ध्यान नव्हतं, नाथा."

ते वाक्य गावभर झालं. नाथाचं ध्यान नव्हतं. दुकानात, पारावर, लग्नाच्या पंगतीत. आणि खरं सांगू? मलाही ते पटलं. मी तर बॅटरी लावून पारखलेला सरळ! माझ्याकडून काही होणं शक्य नव्हतं. म्हणजे चूक नाथाचीच. त्या दिवशी माझ्या बैठकीत, पात्याच्या बाजूच्या टोकाला, बारीक काहीतरी टोचत होतं. ते मला जाणवलंही होतं. पण आपल्या सरळपणाची एवढी खात्री असल्यावर असल्या टोचण्याकडे कोण बघतो? नंतर साफसफाईला रंगनाथने मला सैल केलं तेव्हा ते खाली पडलं आणि भुशाबरोबर झाडलं गेलं. मी विसरून गेलो.

नाथाने सुतारकाम सोडलं. नदीकाठच्या दोन बिघ्यांत झेंडू लावायला लागला. दर खंडेनवमीला मात्र तो टोपलीभर ताजी फुलं घेऊन यायचा, टोपली उंबऱ्यावर ठेवायचा आणि तिथूनच मशीनला हात जोडून परत फिरायचा. आत पाऊल नाही. यायचा तो पायी आणि जायचा तोही पायी. घरी गाडी होती, पण ती त्याची बायको चालवायची. लोकांना त्याचं हसू यायचं. मला नवल वाटायचं, पण कारण काही कळायचं नाही.

इकडे रंगनाथने आपल्या मनाशी वेगळंच धरलं. तोंडाने नाथाचं ध्यान नव्हतं म्हणायचा, पण आतून त्याला वाटायचं, आपल्याच पूजेत काही कमी पडलं, मशीन कोपलं. म्हणून दरवर्षी पूजा वाढत गेली. आधी चिमूटभर अक्षता होत्या, मग मूठभर झाल्या. कुंकू तर इतकं, की मी पाटावर नवरदेवासारखा दिसायचो. काही वर्षं दसऱ्यानंतर आठवडाभर पट्ट्यांच्या कडेला करपल्याचे काळे डाग पडायचे. रंगनाथ म्हणायचा, लाकूड ओलं असेल. एकदा तर एक फळी हातभर मागं सरकली. त्या वर्षी त्याने नारळ दोन फोडले.

मग तीन वर्षांपूर्वी कारखान्यात मनीषा आली.

मनीषा ही रंगनाथची सून. तिचा नवरा योगेश सिन्नरला कंपनीत जातो, त्याच्या पाळ्या असतात. मनीषाचं माहेर घोटीचं. तिचे वडील भाताच्या गिरणीवर कामाला. पट्टे, चाकं, मोटरा यांच्या आवाजातच ती वाढली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती चहा घेऊन कारखान्यात आली आणि कप हातात तसाच धरून म्हणाली, "आबा, हे पातं वर किती काढायचं ते कोण ठरवतं?"

रंगनाथला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "लाकडाच्या जरा वर निघालं म्हंजे झालं. लय वर काढू नये."

"का?"

"का म्हंजे? जेवढं कामाला लागतं तेवढंच उघडं ठेवायचं."

एवढ्यावर ती थांबेल असं वाटलं असेल तर तुम्ही मनीषाला ओळखत नाही. तिच्या प्रश्नांनी माझी करमणूक व्हायला लागली. माझ्यासारखाच रोग बाईला जडलेला होता, फक्त तिला तोंड होतं. वर्षभरात ती रंधा मारायला शिकली, दोन वर्षांत मशीनवर उभी राहिली. ओढणी आधी खिळ्याला टांगायची, बांगड्या काढून डब्यात. हात पात्याजवळ न्यायला नको म्हणून तिने एक खाच असलेली काठी बनवली. फळीचं शेवटचं टोक त्या काठीने ढकलायची. रंगनाथ सुरुवातीला हसला होता. नंतर गुपचूप तशीच एक स्वतःसाठी केली.

नाथाने तिला मशीनवर पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या खंडेनवमीला, टोपली घेऊन आला तेव्हा. तो उंबऱ्यावर थबकला. तिच्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "पोरी, एक सांगू का? पात्याच्या रेषेत उभी राहू नको. जरा डावीकडं सरकून राहा. लाकूड आलंच मागं तर सरळ येतं."

ती लगेच डावीकडे सरकून उभी राहिली. नाथा पायी पायी निघून गेला.

यंदाच्या खंडेनवमीआधी मनीषाने एक मोठं काम मिळवलं. गावच्या शाळेला चाळीस लहान मेजं हवी होती, खाली बसून लिहायची. तुमच्यासारखीच मुलं त्यांवर लिहिणार. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी ती वर्गात असायला हवीत. काम तिने आणलेलं, नमुना तिने केलेला, हेडमास्तरांना शब्द तिने दिलेला. गावात काही जण कुजबुजत होते, की बाई मशीनवर म्हणजे कधीतरी नाथासारखं होणार. मनीषा ऐकून सोडून द्यायची. पण रंगनाथच्या कानात ते जात होतं, आणि आतच राहत होतं.

खंडेनवमी झाली. मुठीने अक्षता पडल्या, कुंकू ओघळलं, मी पुन्हा जागेवर चढलो. हँडल आवळताना बैठकीत काहीतरी बारीक टोचलं. अकरा वर्षांपूर्वी टोचलं होतं तिथंच. पण मी? मी आपला हार घालून ऐटीत होतो.

तिसऱ्या दिवशी मनीषाने पाईनची पहिली फळी माझ्या अंगाला लावली. निम्मी चिरली. आवाज घोगरा झाला. मला एकदम नाथा आठवला. मला ओरडायचं होतं, पण लोखंडाला ओरडता येत नाही. फळी उसळली. मनीषाच्या हातातल्या काठीचे दोन तुकडे झाले आणि ती फळी तिच्या उजव्या हाताजवळून सुसाट मागं जाऊन पत्र्याच्या भिंतीत घुसली. आरपार. अर्धी आत, अर्धी बाहेर रस्त्यावर.

मनीषाने मोटर बंद केली. तिला खरचटलंही नव्हतं. रंगनाथ धावत आला, पत्र्यातली फळी पाहिली, काठीचे तुकडे पाहिले.

"बास," तो म्हणाला. "उद्यापासून तू मशीनला हात लावायचा नाय. शाळेचं काम परत कर."

"आबा, पण लाकूड मागं का आलं?"

"तुझं ध्यान नव्हतं."

तेच वाक्य, मित्रांनो. अकरा वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. फरक एवढाच, की समोर नाथा नव्हता. नाथा मान खाली घालून निघून गेला होता. मनीषा तिथंच उभी राहिली.

"माझं ध्यान व्हतं," ती म्हणाली. "दोन्ही डोळे फळीवर व्हते. मला दाबल्यासारखं वाटलं, आबा. मागून कुणी धरल्यावानी."

रंगनाथने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू भूत दिसलं. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

मनीषाने काय केलं ते आता नीट ऐका, कारण मी याची कित्येकदा मनात उजळणी केलेली आहे. तिने आधी मशीनची पिन भिंतीतून काढली, म्हणजे चुकून ते चालू व्हायला नको. मग खडू घेतला आणि पात्याच्या एका दातावर खूण केली. तो दात हाताने फिरवून पुढे, आपल्या बाजूला आणला, आणि स्टीलच्या पट्टीने त्या दातापासून माझ्यापर्यंतचं अंतर मोजलं. साठ मिलिमीटर. मग तोच दात फिरवून मागच्या बाजूला नेला आणि पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.

ती पुटपुटली, "असं कसं?" पुन्हा मोजलं. पुन्हा अठ्ठावन्न.

माझ्या अंगावर काटा आला. लोखंडाला काटा येत नाही हे ठाऊक आहे, पण आला. मागच्या बाजूला मी पात्याच्या जवळ होतो. म्हणजे मी तिरका होतो. मी, बॅटरी लावून पारखलेला!

तुम्हाला समजावं म्हणून सांगतो. समजा एक खाट रुंद दारातून घरात नेली आणि पुढचं दार तिच्याहून दोन बोटं अरुंद निघालं. काय होईल? अडकेल. फळीचं तसंच झालं. पुढे साठची वाट, मागे अठ्ठावन्नची. ती माझ्या आणि पात्याच्या मधे चेपली गेली. आणि पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. त्यांनी चेपलेली फळी उचलली आणि जिकडून आली तिकडे भिरकावली. मागून कुणी धरल्यावानी, हे नाथाचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. धरणारा मीच होतो.

मनीषाने माझं हँडल सैल केलं, मला उचलून उलटा केला आणि बैठकीवरून बोट फिरवलं. पात्याच्या बाजूच्या टोकाला तिचं बोट थांबलं. कुंकवाने चिकटलेलं, वाळून टणक झालेलं काहीतरी तिने नखाने सुटं केलं आणि तळहातावर घेतलं. घोटीच्या पोरीला ते काय आहे हे सांगायला लागत नाही.

"आबा," तिने हाक मारली, "जरा आत या."

रंगनाथ आला. तिने हात पुढे केला. लाल झालेला, दाबून चपटा झालेला तांदळाचा एक दाणा.

"अक्षता हाय," ती म्हणाली. "गाईडच्या बैठकीत बसली व्हती. हितं एवढीशी, पण तिकडं मागं दोन मिलिमीटर."

रंगनाथ त्या दाण्याकडे बघतच राहिला. बराच वेळ. मग स्टूल ओढून बसला. शेवटी म्हणाला, "नाथाला झालं ते पण दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी झालं व्हतं."

"मला ठाऊक नव्हतं."

"मी वाह्यल्या व्हत्या अक्षता. माझ्या हातानं. अन् त्यानंतर दरवर्षी जास्तच वाहत गेलो." त्याने दोन्ही हातांत तोंड झाकलं. "तो मला सांगत व्हता गं. सांगत व्हता, लाकूड दाबलं म्हणून."

मनीषाने दाणा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आबा, आज मी का वाचले ठाऊक हाय का? नाथाकाकांनी सांगितलं व्हतं, रेषेत उभी राहू नको. ज्यांचं ध्यान नाय म्हणता, त्यांच्याच ध्यानानं वाचले मी."

रंगनाथने फोन लावला. एवढंच म्हणाला, "नाथा, ये. आत्ताच ये."

नाथा तासाभराने आला, पायीच, घामाघूम. त्याला वाटलं, काहीतरी वाईट झालं. बरोबर त्याची धाकटी लेक वेदिका होती, तिसरीतली, दोन वेण्यांत झेंडू खोवलेली. नाथा सवयीने उंबऱ्यावर थांबला. रंगनाथ उठला, त्याच्यापाशी गेला आणि त्याचा तो तीन बोटांचा हात धरून त्याला आत आणला. अकरा वर्षांनी नाथा माझ्यासमोर उभा राहिला. केस पिकले होते.

रंगनाथने सगळं सांगितलं. दाणा दाखवला, खडूची खूण दाखवली, दोन्ही अंतरं मोजून दाखवली. आणि मग म्हणाला, "तुझं ध्यान व्हतं, नाथा. चुकलो मी. अन् बोल तुला लावला."

मला वाटलं, नाथा रागावेल. मी असतो तर रागावलो असतो. पण तो माझ्याकडे आणि त्या दाण्याकडे आळीपाळीने बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "दादा, अकरा वर्षं मी गाडी चालवली नाय. हिला कधी मागं बसवलं नाय, हिच्या भावाला नाय. म्हणलं, माझं ध्यान सुटतं. मधेच सुटलं तर?"

तेव्हा मला त्याच्या पायी येण्याचं कारण समजलं. दोन बोटं तर गेलीच होती, पण त्या एका वाक्याने त्याच्याकडून अजून केवढं काय नेलं होतं. आणि मीही ते वाक्य अकरा वर्षं खरं मानलं होतं. मला माझी फार लाज वाटली, मित्रांनो. अजूनही वाटते.

शेवटी मनीषाच म्हणाली, "काका, चाळीस मेजं करायची हायेत. वेदिकाच्याच शाळेची. गाईड तुम्ही लावून देता का?"

नाथाने रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथने मान हलवली. नाथाने कोरडा ब्रश घेतला, माझी बैठक आणि टेबलाची नळी दोन्ही झाडली, ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने पुसली. मला चढवलं. खडूचा दात पुढे आणून मोजलं, मागे नेऊन मोजलं. "साठ," तो म्हणाला, आणि मग, "साठ." मग रंगनाथने कपाटाच्या तळातून एक पातळ पोलादी पट्टी काढली. ती मशीनबरोबरच आली होती. पात्याच्या मागे उभी राहते आणि चिरलेल्या लाकडाला पुन्हा मिटून पातं चेपू देत नाही. मधेमधे येते म्हणून त्यानेच पहिल्या महिन्यात काढून टाकली होती. आता त्याने स्वतः खाली वाकून ती बसवली. पात्यावरचं झाकणही.

मनीषाने नवी काठी घेतली, पिन लावली आणि डावीकडे सरकून उभी राहिली. मोटर चालू करायच्या आधी नाथाने हात पुढे केला. ती दोन बोटं नव्हती, म्हणून उरलेल्या तिनांनी त्याने माझी पाठ चाचपली. एकदा, सावकाश. अकरा वर्षं मी त्या हाताची वाट बघत होतो हे मला त्याच वेळी कळलं.

फळी आली, चिरली गेली, आणि पलीकडे निघून गेली. आवाज शेवटपर्यंत सारखा. पट्टीच्या कडेला एकही काळा डाग नव्हता. वेदिका लांब दारापाशी उभी राहून बघत होती, तिने टाळ्या वाजवल्या.

मेजं वेळेवर शाळेत गेली. पूजा बंद झाली नाही बरं का, होणारही नाही. फक्त रंगनाथने ठरवलंय, की पुढल्या वर्षी अक्षता ताम्हनात राहतील, कुंकू माझ्या पाठीवर लागेल, आणि पूजा झाली की बैठक पुसून, दात मोजून मगच मशीन लागेल. तो दाणा त्याने टाकला नाही. बाटलीच्या एका झाकणात घालून मशीनसमोरच्या फळीवर ठेवलाय. नवीन माणूस कामाला आला की त्याला आधी तो दाखवतात.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी, शाळेत, कुठेही काही मोडलं, सांडलं, कुणाला लागलं, तर "तुझं ध्यान नव्हतं" असं लगेच म्हणू नका. आधी आमच्या मनीषासारखं "का?" विचारा, आणि जे आहे ते मोजून बघा. आणि माझ्यासारखा कुणी आपल्या सरळपणाची फार ऐट मारत असेल, तर त्याला आधी मोजा.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. दिवे लागायच्या वेळी नाथा निघाला तेव्हा रंगनाथने आपल्या मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातात ठेवली. नाथा नको म्हणाला. रंगनाथने ती परत घेतली नाही. मला इथून रस्ता दिसत नाही, पण त्या फळीने पत्र्याला पाडलेलं भोक होतं, त्यातून ऐकू येत होतं. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली. मग नाथाचा आवाज आला, "वेदिका, बस. घट्ट धर मला." आणि ती गाडी सायखेड्याच्या रस्त्याने इतकी हळू गेली, की तिचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला.